जुन्या सायकलला डिस्क ब्रेक : नाकापेक्षा मोती जड?



घड्याळे एक तास मागे गेली, चार-साडेचारलाच अंधारू लागले आणि दरवर्षीप्रमाणे ओल्या रस्त्यांचा व कुजक्या पानांचा मोसम आला. इथे ब्रिटनमध्ये सायकल चालवणाऱ्याला या दिवसांत ब्रेकची आठवण जरा जास्तच होते. आपल्यापैकी पुष्कळांच्या शेडमध्ये एखादी जुनी सायकल असते. कुणाची नव्वदच्या दशकातली माउंटन बाइक, कुणाची त्याहून जुनी तीन गिअरची रॅले. मुलगा किंवा मुलगी विद्यापीठात जायला निघाली, भारतातून भाचा शिकायला आला, की ती बाहेर निघते, तेलपाणी होते, आणि पहिल्या पावसात ब्रेक लागत नाहीत. मग प्रश्न येतो, "काका, हिला डिस्क ब्रेक बसवता येतील का हो?" मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहाच्या रांगेत हा प्रश्न अलीकडे बऱ्याच जणांनी विचारला, म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहून काढत आहे.

उत्तर आधी सांगतो, कारणे मागाहून. डिस्क ब्रेक बसवता येतात, पण नुसता ब्रेक विकत आणून नव्हे. पुढचा चिमटा आणि पुढचे चाक, दोन्ही त्यासाठीच बनवलेले हवेत. जुन्या चिमट्यावर तो कोणत्याही युक्तीने बसवू नये. आणि बहुतेक घरांत याहून कितीतरी स्वस्तात काम भागते.

आपण मंडळी दुरुस्तीची आवड असलेली. फेकण्याआधी दहा वेळा विचार करणारी. ही सवय चांगलीच आहे. परंतु घंटी, कॅरिअर किंवा मडगार्ड आणि ब्रेक यांत फरक आहे. मडगार्ड तुटले तर कपडे खराब होतात. पुढचा चिमटा ब्रेक दाबताना तुटला, तर माणूस हँडलवरून थेट तोंडावर पडतो, हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही. म्हणून हा हिशेब नीट समजून घ्यावा.

रिम हीसुद्धा एक डिस्कच

डिस्क ब्रेक ही कल्पना नवी नाही. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी बर्मिंगहॅममध्ये १९०२ साली मोटारीसाठी तिचे पेटंट घेतले होते. १९५३ साली ल मान्सची शर्यत जग्वारने जिंकली, ती डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर. सायकलींवर १९७० च्या दशकात काही प्रयोग झाले, १९९० च्या दशकात माउंटन बाइकवर ते स्थिरावले, आणि रस्त्यावरच्या व्यावसायिक शर्यतींत त्यांना पूर्ण परवानगी मिळायला २०१८ साल उजाडले.

आपल्या लहानपणीच्या सायकलींना दांड्यांचे ब्रेक असत. मूठ दाबली की दांडा वर ओढला जाई आणि रबरे रिमला आतल्या बाजूने लागत. पुढे वायरचे ब्रेक आले, त्यांची रबरे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. विचार केला तर येथे रिम हीच एक मोठी डिस्क आहे, साठ-बासष्ट सेंटिमीटर व्यासाची. डिस्क ब्रेकमध्ये तेच काम हबला लावलेली छोटी पोलादी चकती करते. तिचा व्यास सहसा १६० मिलिमीटर, म्हणजे आपल्या चहाच्या बशीपेक्षा थोडा मोठा.

छोट्या चकतीचे फायदे खरे आहेत. ती रस्त्यावरच्या पाण्याचिखलापासून दूर असते. तिचे पॅड टणक असतात. रिम थोडी वाकडी झाली तरी ब्रेक घासत नाही, आणि रिम झिजून पातळ होत नाही. तेलाच्या दाबावर चालणारा, म्हणजे हायड्रॉलिक प्रकार तर दोन बोटांनी लागतो. ज्यांच्या बोटांना संधिवात आहे, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

दोनशे किलोंचा हिशेब

आता गोम कुठे आहे ते पाहू. माणूस ७५ किलोचा आणि सामानासकट सायकल १५ किलोची, असे एकूण ९० किलो धरा. एखादे मूल अचानक आडवे आले आणि करकचून ब्रेक दाबला, तर टायर आणि रस्ता यांच्यामध्ये साधारण वजनाच्या निम्मा, म्हणजे ४५ किलोंचा जोर लागतो. चाकाची त्रिज्या ३४ सेंटिमीटर. हा जोर चाकाला फिरवत ठेवू पाहतो आणि ब्रेकला तो अडवायचा असतो.

रिमचा ब्रेक हा जोर केंद्रापासून सुमारे ३१ सेंटिमीटरवर अडवतो. गुणाकार-भागाकार केला तर त्याला साधारण ५० किलो पुरतात. डिस्कचा ब्रेक तोच जोर केंद्रापासून अवघ्या साडेसात सेंटिमीटरवर अडवतो. तिथे सुमारे २०० किलो लागतात. चौपट! विहिरीचा रहाट लांब दांड्याने फिरवणे आणि आखूड दांड्याने फिरवणे, यातलाच हा फरक.

हे २०० किलो येतात कुठे? रिमचा ब्रेक चिमट्याच्या माथ्याजवळ असतो. तिथे चिमटा सर्वांत जाड आणि मजबूत असतो, आणि जोर दोन्ही पायांवर वाटला जातो. डिस्कचा ब्रेक मात्र डाव्या पायाच्या अगदी खालच्या टोकाला असतो. सगळा जोर त्या एका पायावर. जुन्या सायकलींचा चिमटा खाली निमुळता होत जवळजवळ बोटाएवढा होतो, आणि तो मुद्दाम तसा केलेला असतो, खड्ड्यांचा धक्का त्या लवचिकपणात जिरावा म्हणून. ज्या जागेवर चौपट जोर टाकायचा, तीच जागा बनवणाऱ्याने सर्वांत नाजूक ठेवलेली आहे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते असे.

तो चिमटा पहिल्याच दिवशी मोडेल असे नाही. दहा वेळा थांबेल, शंभर वेळाही थांबेल. धातू थकतो. रंगाखाली केसाएवढी भेग पडते, ती वाढत जाते, आणि एक दिवस उतारावर पाय सोडते. म्हणूनच "आमच्या ओळखीच्याने बसवला, काही झाले नाही" हा पुरावा धरू नये.

चाक निसटण्याचा धोका

दुसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकतीला चिमटीत धरणारा भाग, चिमट्याच्या मागच्या बाजूला असतो. सायकल पुढे जात असताना चकतीची मागची बाजू वर येत असते. पॅड तिला अडवतात, म्हणजे तिला खाली ढकलतात. वरून येणारे वजन चाकाला खाचेत दाबून ठेवते खरे, पण ते फार तर ८०-९० किलो. खाली ओढणारा जोर २०० किलोंच्या घरात. जुन्या चिमट्याच्या खाचा सरळ खाली उघडतात, म्हणजे ब्रेक दाबला की चाक खाचेतून बाहेर पडू पाहते. त्याला धरून ठेवतो तो फक्त ॲक्सलचा नट किंवा झटपट उघडणारा खटका.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ॲनन यांनी २००३ मध्ये या धोक्याकडे जाहीरपणे लक्ष वेधले. पुढे चिमट्यांच्या रचनेत बदल होत गेले. आज बहुतेक चांगल्या डिस्कच्या सायकलींना खाचेऐवजी बंद भोके असतात आणि त्यांतून आरपार जाड ॲक्सल जातो. चाक निसटायला वाटच राहत नाही. जुन्या चिमट्यावर केवळ एक कान जोडून हे संरक्षण मिळत नाही.

मग मागे बसवला तर?

हा प्रश्न हुशार माणसे लगेच विचारतात. मागच्या बाजूला जोर कमी येतो, तिथे बसवला तर काय बिघडते? खरे आहे, धोका कमी आहे. पण उपयोगही तितकाच कमी आहे.

ब्रेक दाबला की आपले वजन पुढे झुकते. बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढे जातो, तसेच. पुढचे चाक रस्त्याला घट्ट धरते आणि मागचे हलके होते. हलके चाक लवकर घसरते. मागच्या चाकाला जगातला सर्वांत महाग ब्रेक लावला, तरी ते आधीच घसरून मोकळे होणार. सायकल खऱ्या अर्थाने थांबते ती पुढच्या ब्रेकने. तेव्हा मागे साधा रिमचा ब्रेक आहे तसाच राहू द्यावा. पुढे डिस्क आणि मागे रिम, ही जोडी उत्तम चालते.

मागच्या दांड्यांना चिमट्यासारख्या पकडणाऱ्या पट्ट्या बाजारात मिळतात. त्या गोल पोकळ नळीला आवळून बसतात, पण नळी त्या दाबासाठी केलेली नसते. ती चेपते किंवा पट्टी सरकते. आणि त्याच पट्ट्या पुढच्या चिमट्याला लावण्याचा विचार तर मनातही आणू नये.

वेल्डिंगचे काय?

पोलादी सांगाड्याला निष्णात कारागीर पितळी जोड देऊन कान बसवू शकतो. सायकलचे सांगाडे हाताने बनवणारे असे कारागीर ब्रिटनमध्ये आहेत. पण तो कान एक-दोन मिलिमीटर तिरका झाला तरी ब्रेक नीट लागत नाही, रंग जळतो, आणि पुन्हा रंगवण्याचा खर्च येतो. लाडक्या सायकलसाठी कुणी केला तर हरकत नाही, फक्त मागच्या बाजूला. पुढे नवा चिमटाच घ्यावा.

ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला कुणी वेल्डिंग करून देतो म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडावे. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियमची ताकद जाते आणि ती परत आणायला पूर्ण सांगाड्यावर भट्टीत प्रक्रिया करावी लागते. कार्बनच्या सांगाड्याचा तर विषयच नको.

आधी हे करून पाहा

ब्रेक लागत नाहीत म्हणून डिस्क हवी असेल, तर आधी पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात. दहापैकी आठ घरांचे काम इथेच होईल असे मला वाटते.

१. ब्रेकची रबरे बदला. दहा-पंधरा वर्षांचे रबर दगडासारखे कडक होते. कूल-स्टॉपची तांबूस रंगाची रबरे ओल्यात चांगली पकडतात, असा सायकलवाल्यांचा जुना अनुभव आहे.

२. वायर आणि तिचे बाहेरचे आवरण, दोन्ही बदला. गंजलेल्या आवरणात आपल्या मुठीचा निम्मा जोर वाया जातो.

३. रिम कशाची आहे ते पाहा. लोहचुंबक चिकटला तर पोलादी. क्रोम केलेली पोलादी रिम भिजली की ब्रेक जवळजवळ लागतच नाही, आणि जुन्या रॅलेंची मुख्य तक्रार हीच. पुढचे एक चाक ॲल्युमिनियमच्या रिमचे घेतले, तर सायकल ओळखू येणार नाही इतका फरक पडतो.

४. माउंटन बाइकला जुने कँटिलिव्हर ब्रेक असतील, तर त्याच खुंट्यांवर व्ही-ब्रेक बसतात. शिमानोने ते १९९६ च्या सुमारास आणले. फक्त त्यांना वायर जास्त ओढणारी मूठ लागते, म्हणून मुठीही सोबत बदलाव्यात. जुन्या मुठीवर व्ही-ब्रेक नीट चालत नाही.

५. रिम पुसा. साबणाच्या पाण्याने नुसती धुतली तरी फरक कळतो.

बारा महिने पावसात चालवायची आणि देखभाल नको असेल, तर हबमध्ये बंद असलेला ड्रम ब्रेक हाही एक मार्ग आहे. १९०२ साली नॉटिंगहॅममध्ये सुरू झालेली स्टर्मी-आर्चर कंपनी २००० साली तैवानच्या मालकीची झाली, पण असे हब आजही बनवते. मात्र त्याचाही जोर एका पट्टीमार्फत चिमट्याच्या पायावर येतो, म्हणून चिमटा जाणकाराला दाखवूनच निर्णय घ्यावा.

तरीही डिस्कच हवी असेल तर

कुणाच्या वाटेत मोठा उतार असतो, कुणी मुलाला मागच्या आसनावर घेऊन जातो, कुणाची बोटे दुखतात. अशांनी पुढचा चिमटा आणि चाक, दोन्ही डिस्कसाठी बनवलेले घ्यावेत. यासाठी सर्वांत सोयीची म्हणजे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली माउंटन बाइक. चिमटा घेताना पुढील मापे कागदावर लिहून दुकानात न्यावीत.

चिमट्याची वरची नळी, जी सांगाड्यात जाते, तिची जाडी किती? जुन्या सायकलींची एक इंच आणि वर आटे असलेली, नंतरच्यांची सव्वा इंचापेक्षा थोडी कमी, म्हणजे एक आणि एक अष्टमांश इंच. एक इंचाच्या नळीचा डिस्कचा चिमटा मिळणे कठीण जाते.

नळीची लांबी किती? लहान मिळाली तर काही करता येत नाही. मोठी असेल तर कापता येते.

ॲक्सलपासून माथ्यापर्यंतची उंची किती? नवा चिमटा दोन सेंटिमीटर उंच असला, तर हँडलचा कोन साधारण एका अंशाने बदलतो आणि सायकल वळताना वेगळी वागते. उंची जुन्याच्या जवळपास हवी.

चाक कोणत्या मापाचे? टायरच्या बाजूला छापलेला तीन आकडी अंक पाहा. ५५९ म्हणजे जुनी माउंटन बाइक, ५९० म्हणजे जुनी तीन गिअरची रॅले, ६२२ आणि ६३० म्हणजे रस्त्यावरची सायकल. "सव्वीस इंची" म्हणून मागितले तर ५५९ किंवा ५९० यांपैकी काहीही हातात पडेल.

चाकाच्या तारा एकमेकींना ओलांडून गेलेल्या असाव्यात, सरळ हबपासून रिमपर्यंत ताणलेल्या नसाव्यात. डिस्कमध्ये अडवण्याचा जोर हबपासून रिमपर्यंत या तारांमधूनच जातो.

शेवटी मूठ. वायरवर चालणारे डिस्क ब्रेक दोन प्रकारचे असतात, एक आखूड ओढीच्या मुठीसाठी, दुसरा लांब ओढीच्या. जोडी चुकली तर ब्रेक एक तर दगडासारखा लागतो किंवा मूठ थेट हँडलला टेकते. शिवाय इथे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, भारतातही तसाच. अमेरिकेतून कुणी सायकल आणली असेल तर ती उलटी असते, हे ध्यानात ठेवावे.

बसवल्यावर

नवे पॅड पहिल्या दिवशी नीट पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने जाऊन वीस-तीस वेळा हळूहळू थांबावे, मग ते चकतीवर बसतात. चकतीला तेलाचा थेंबही लागू देऊ नये. आपल्याकडे साखळी कुरकुरली की हाताशी असेल ते तेल सोडायची पद्धत आहे. फवाऱ्याचे तेल उडून पॅडवर गेले, तर पॅड टाकूनच द्यावे लागतात. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. उतारावरून आल्यावर तिला हात लावू नये, चांगलाच चटका बसतो. फिरत्या चकतीत बोट गेले तर कापले जाते, हे लहान मुलांना आवर्जून सांगावे. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर चाक काढलेले असताना मूठ दाबू नये, पॅड एकमेकांना चिकटून बसतात. आणि आठवड्यानंतर सगळे बोल्ट पान्याने एकदा तपासावेत.

येथील १९८३ च्या नियमांनुसार मोठ्यांच्या सायकलला एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक लागतात, एक पुढच्या चाकाला आणि एक मागच्या. तेव्हा पुढे नवा आला म्हणून मागचा काढून टाकू नये.

शेवटी पैशांचे

चिमटा, चाक, ब्रेक, मूठ आणि दुकानदाराची मजुरी यांची बेरीज केली, तर ती बहुतेक वेळा जुन्या सायकलच्या किमतीच्या वर जाते. तेवढ्यात जुन्या बाजारात मुळातच डिस्क ब्रेकची सायकल मिळू शकते. नोकरी करणाऱ्यांनी आपल्या कंपनीत 'सायकल टू वर्क' योजना आहे का ते विचारावे. १९९९ पासून चालू असलेल्या या योजनेत नवी सायकल पगारातून हप्त्याने आणि करात सवलत मिळून घेता येते.

तर मंडळी, या शनिवार-रविवारी शेड उघडा. पुढचे चाक उचलून फिरवा, ब्रेक दाबा, रबरे नखाने टोचून पाहा, रिमला लोहचुंबक लावा. पंधरा मिनिटांचे काम आहे. मुले परत विद्यापीठात जाण्यापूर्वी ते झालेले बरे. चिमट्याला भेग, वाक किंवा रंगाला सुरकुती दिसली, तर ती सायकल कुणालाही चालवायला देऊ नका, भाच्याला तर नाहीच. त्याची आई तिकडे आपल्या भरवशावर निर्धास्त आहे.

शुभास्ते पन्थानः।